मक्याचा हात, पाइनचं मूळ

आमच्या सासूबाईंची खाट पुढच्या खोलीत, चपलांच्या रॅकला लागून कशी आली, ते आधी सांगते. म्हणजे पुढचं सगळं नीट समजेल.

घराच्या मागे डोंगराचा उतार आहे आणि त्या उतारावर आमच्या जमिनीचा वरचा तुकडा. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या तुकड्यातली माती सरकली ती थेट मागच्या खोलीच्या भिंतीला येऊन टेकली. भिंतीला भेग पडली, आतून बाहेरचा उजेड दिसावा एवढी. ती खोली सासूबाईंची. लग्न होऊन आल्यापासून त्या तिथेच झोपायच्या. दोन्ही मुलं तिथेच झाली, सासरे तिथेच गेले.

उतारांची पाहणी करणारे साहेब आले. घरात आम्ही त्यांना उतारसाहेब म्हणतो. माणूस वाईट नाही, पण बोलणं एकदम कोरडं. भिंत बघितली, वर चढून माती बघितली आणि अंगणात येऊन म्हणाले, "ही खोली आजच्या आज रिकामी करा. वरच्या तुकड्यातला मका बंद. पुढचा पावसाळा संपला की मी परत येईन. तोवर उतारावर गवत आणि जीव धरलेली झाडं दिसली, तर खोली वापरा. नाही दिसली, तर अख्खं घर सोडावं लागेल. मग माझ्याकडे रडायला येऊ नका."

धाकटे भाऊजी, म्हणजे माझे दीर, मटकन पायरीवर बसले. आणि सासूबाई काय म्हणाल्या असतील?

"मका बंद? म्हणजे काय?"

घराचं नाही, खोलीचं नाही. मका! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता त्यांच्या बाजूनंही सांगायला हवं. वरचा तुकडा त्यांचा बियाण्याचा. खालच्या रानात सगळ्यांचेच मके शेजारी शेजारी. वारा सुटला की एकाच्या तुऱ्याची पिवळी भुकटी उडते आणि दुसऱ्याच्या कणसावर बसते, मग दाणे होतात भलत्याच जातीचे. वरचा तुकडा एका बाजूला, तिथे कुणाच्या मक्याचा वारा पोचत नाही. सासूबाईंचं ते बुटकं, लालसर दाण्याचं कणीस तिथेच शुद्ध राहायचं. दाण्यात नख रुतवून चीक बघायचा आणि सांगायचं, अजून चार दिवस थांबा. त्यांचं कधी चुकलं नाही. उभ्या गावाला त्या मक्याच्या बाई म्हणूनच माहीत.

आणि मी? मी लाकडाच्या वखारीत वाढलेली. वडिलांची वखार, मागे पाइनचं जुनं रान, आता दादा सगळं बघतो. सासूबाई मला पहिल्या दिवसापासून वखारीण म्हणतात. आधी टोमणा होता, मग सवय झाली.

त्या संध्याकाळी जेवताना मी जाहीर करून टाकलं, "वरच्या तुकड्यात पाइन लावायचा. गवत मी मधल्या पट्ट्यांत लावते. रोपं दादाकडून आणते."

"पाइन?" सासूबाईंनी घास हातातच धरला. "खातात का तो?"

"खात नाहीत, आई. तो घर धरून ठेवतो. मक्याचं मूळ वरच्यावर. पीक काढलं की जमीन उघडी पडते. पाइन खाली जातो आणि वर्षभर उभा राहतो."

"मका चार महिन्यांत ताटात येतो. तुझा पाइन कधी कामाला येणार?"

"फळी निघायला पंचवीस वर्षं."

"पंचवीस! म्हणजे मी वर गेल्यावर माझ्या नावानं फळ्या कापा."

"तुम्ही कुठे जाताय? आम्हाला सगळ्यांना पोचवाल आणि मग सावकाश निघाल."

भाऊजींना ठसका लागला. पण सासूबाई हटणाऱ्या नव्हत्या. मक्याचं पीठ, कोंबड्यांचं खाणं, जनावरांना धाटं, दाणे काढून उरलेली बुरखुंडं चुलीत, वरची पानं वाळवून गादीत, काही म्हणता काही वाया जात नाही, हे त्यांनी बोटांवर मोजून ऐकवलं. मीही कमी नाही. म्हटलं, ज्या टेबलावर जेवताय ते पाइनचं, झोपता ती खाट पाइनची, डोक्यावरचे वासे पाइनचे, झाडाची राळ रंगात जाते आणि भुसासुद्धा विकला जातो. "टेबल चाटून पोट भरेल का?" त्या म्हणाल्या. "पावसात कणसाखाली बसाल का?" मी म्हणाले.

आमचे हे तेवढ्यात कोपऱ्यातलं पुठ्ठ्याचं खोकं उचलून आले. ते ट्रक चालवतात, मक्याची पोती स्टार्चच्या कारखान्यात नेऊन टाकतात. "हे बघा," ते म्हणाले, "याचा कागद पाइनच्या लगद्याचा. आणि थर चिकटवलेत ते मक्याच्या खळीनं. ती खळ जिथे बनते तिथेच मी रोज जातो. तुमचं दोघींचं भांडण या खोक्यात कधीच मिटलंय."

"तू जेव मुकाट्यानं," सासूबाई म्हणाल्या.

"हो ना, आणि खोकं टेबलावर कशाला आणलंत?" मी म्हणाले. तेवढ्यापुरतं आमचं दोघींचं एकमत झालं.

पण बोलून झाल्यावर त्यांनी दुपारीच रॅकजवळ आणून टाकलेल्या त्या खाटेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "लाव तुझा पाइन. माझ्या बियाण्याचं मी बघते." त्यांनी ते बघितलंही. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर खालच्या रानात, सगळ्यांच्या आधी, जमीन जेमतेम ओली असताना त्यांनी बी टोकलं. लोक हसले. पण बाईंचा हिशोब असा, की आपल्या कणसांना केस फुटतील तेव्हा बाकीच्यांच्या मक्याला तुराच आलेला नसेल. अंतर ठेवता येत नाही तर वेळ पुढेमागे करायची. पटलं मला. मनातल्या मनात मी त्यांना हात जोडले.

मी ट्रक भरून रोपं आणली. वीतभर उंचीची, काळ्या पिशव्यांतली. घरामागे सावलीत ओळीनं मांडली. मग गवताच्या जुड्या आणायला पुन्हा दादाकडे गेले आणि दोन दिवस तिथेच अडकले, कारण ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. परत आले तर रोपं अशी टवटवीत, पानं धुतलेली, पिशव्या नीट बांधलेल्या. मला वाटलं, पाऊस शिंपडून गेला असेल.

सगळ्यांनी मिळून रोपं लावली. भाऊजींनी खड्डे घेतले, ह्यांनी गवताचे पट्टे टाकले, मी पिशव्या फाडून घाईघाईनं एकेक रोप उभं केलं, आतल्या मातीकडे बघायला सवड कुणाला होती? सासूबाई खाली अंगणात खुर्ची टाकून बसल्या आणि वर बघून सूचना देत राहिल्या. ओळ वाकडी आहे, ते रोप झुकलंय, तुझा नवरा नुसताच उभा आहे. शेवटचं वाक्य खरं होतं.

पाऊस चांगला लागला. गवतानं मुळं धरली. आणि पाइन पिवळा पडायला लागला.

आधी टोकं, मग सुया, म्हणजे पाइनची पानं. रोज सकाळी मी वर चढायचे आणि रोज दोन-चार रोपं आणखी पिवळी. पाणी साचत नव्हतं, कीड दिसत नव्हती. मी लहानपणापासून पाइन बघत आलेय, पण एवढ्या झपाट्यानं एवढी रोपं खचलेली कधी बघितली नव्हती. साहेबांचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. हे घर सोडून कुठे जायचं, सासूबाईंना या वयात कुठल्या भाड्याच्या खोलीत नेऊन टाकायचं, हेच डोक्यात.

आणि मग माझ्या डोक्यात भाऊजी आले. वरच्या तुकड्यातला मका जावा असं त्यांनाही वाटत नव्हतंच. झाडं मेली तर साहेबांना विनवून निदान मका तरी परत लावता येईल, असं ते एकदा बोलून गेले होते. चहाच्या वेळी मी सरळ विचारलं.

"भाऊजी, रोपांना काही घातलंत का तुम्ही?"

"मी? काय घालणार?"

"तेच विचारतेय."

त्यांनी कप खाली ठेवला. "वहिनी, खड्डे कुणी घेतले? माझे हात बघा." तळव्यांवर फोड फुटून कातडी निघाली होती. "घर माझं पण आहे. तुम्ही मला असं कसं विचारू शकता?"

ते उठून गेले. मला तोंडात मारल्यासारखं झालं. माफी मागायची तर पुरावा हवा, म्हणून मी खुरपं घेऊन तरातरा वर गेले आणि एक पिवळं रोप मुळासकट उपटलं.

मुळं अगदी स्वच्छ. घासलेल्या भांड्यासारखी. त्यांच्याभोवती चुन्याची पांढरी पूड आणि काळंभोर, मऊ, चहाच्या पावडरीसारखं चाळलेलं शेणखत. दुसरं उपटलं, तेच. तिसरं, तेच.

एवढं बारीक खत आमच्या घरात एकच व्यक्ती चाळते. बियाण्याच्या मक्यासाठी वर्षभर मुरवून, जुन्या साडीतून चाळून ठेवते. त्यातलं मूठभर माझ्या टोमॅटोला मागितलं तर देत नाही.

मी रोप हातात घेऊन तशीच खाली आले. सासूबाई पुढच्या खोलीत चपला बाजूला सारून केर काढत होत्या.

"आई, हे काय आहे?"

त्यांनी रोपाकडे बघितलं. "मेलं का?"

"काय केलंत तुम्ही?"

"वाचवलं," त्या म्हणाल्या. "तू दादाकडे होतीस. एक पिशवी फाटली आणि माती सांडली. बघते तर काय, मुळांना पांढरी बुरशी! दुसरी पिशवी उघडली, तिलाही. सगळ्यांनाच. अगं, मक्याच्या मुळाला अशी बुरशी दिसली की समजायचं, कूज लागली. अख्खं रान बसतं. तुला निरोप पाठवायचा तर तू येईपर्यंत उशीर झाला असता. दोन दिवस बसले, एकेक मूळ पाण्यात धुतलं, चुना लावला, माझं खत घातलं आणि पिशव्या परत बांधल्या. पाठ मोडून गेली माझी."

"मला सांगितलं का नाहीत?"

"काय सांगायचं? तुझ्या माहेरची रोपं रोगट निघाली असं? तुला वाईट वाटलं असतं."

आता तुम्हीच सांगा, अशा बाईवर ओरडायचं तरी कसं? पण मी ओरडले. खोटं कशाला बोलू, घसा फुटेस्तोवर ओरडले. "ती बुरशीच त्याचं जेवण आहे! पाइन स्वतःच्या मुळांनी पोट नाही भरू शकत. ती बुरशी मातीत लांब पसरते आणि त्याला आणून देते. ती नसली की तो भरल्या खतात उपाशी मरतो! आणि चुना? त्याला आंबट माती लागते, आई, आंबट! तो मका नाहीये! लाड केले की बिघडतो तो!"

सासूबाई खाटेवर बसल्या. त्यांच्या हातातला झाडू तसाच राहिला. त्यांचा चेहरा बघून माझा आवाज आपोआप उतरला. मी खाली जमिनीवर बसले आणि मला रडूच फुटलं. बियाण्याचं खत घातलं होतं त्यांनी. जे कुणाला देत नाहीत ते, माझ्या झाडांना.

"रडणं नंतर," त्या म्हणाल्या. "आता काय करायचं ते सांग."

"नवी रोपं नाहीत दादाकडे. होती ती संपली."

"मग हीच जगवायची. कशानं जगतील?"

"जुन्या पाइनखालची माती. बुरशी असलेली. मुळांचा चुना आणि खत काढून ती माती घालायची. धरली तर धरली."

"धरेल." त्या उठल्या. "कुठे आहे ती माती?"

"दादाच्या रानात."

"ट्रकची किल्ली कुठे आहे? आणि त्या माझ्या धाकट्याला बोलव. तू त्याला काहीतरी बोललीस ना? रुसून बसलाय मागे."

मी भाऊजींची माफी मागितली. ते म्हणाले, "ठीक आहे, पण आता खड्डे तुम्ही घ्यायचे." घेतले मी.

दादाच्या रानात सासूबाई पहिल्यांदाच आल्या. जुन्या झाडांखाली सुयांचा जाड थर. मी तो बाजूला केला आणि खाली पांढऱ्या धाग्यांची जाळी दिसली. सासूबाईंनी नाक मुरडलं. आयुष्यभर ज्याच्यावर चुना टाकला, ते ओंजळीत घ्यायचं होतं. मग बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हात घातले.

"वास चांगला आहे गं," त्या नवलानं म्हणाल्या. "कुजका नाही."

दादा म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा, मी भरतो पोती."

"तू बाजूला हो. बिघडवलंय मी, निस्तरणार मीच."

पोती भरली. परत आल्यावर आम्ही ओळीनं बसलो. भाऊजी रोप काढणार, मी मुळांवरचं खत झटकणार, सासूबाई नवी माती मुळाला लावून रोप परत उभं करणार. पाऊस अंगावर येत होता. मी त्यांना सांगितलं की घरात जा, ताप येईल. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. जी अगदीच तपकिरी पडली होती ती मी बाजूला फेकत होते. संध्याकाळी बघते तर तो ढीग गायब. सासूबाईंनी ती सगळी एका कडेला, स्वतःची वेगळी ओळ करून लावली होती.

"आई, ती मेलीत."

"बुडाशी हिरवी आहेत. नख लावून बघितलं मी."

"मक्याला नख लावतात."

"सालीला पण लागतं. तू तुझं बघ."

मी माझं बघितलं. रोज वर जाऊन बघितलं. खूप दिवस काहीच झालं नाही. पिवळी ती पिवळीच, आणखी काही गेली. मधेच मोठा पाऊस झाला, तेव्हा आम्ही सगळे पुढच्या खोलीत कान मागे लावून बसलो. माती येणार असेल तर आवाज येईल म्हणून. आली नाही, गवतानं धरून ठेवली. पण गवतानं साहेबांचं समाधान होणार नव्हतं.

खालच्या रानात बियाण्याच्या मक्याला तुरा येऊन गेला, कणसं भरली. शेजाऱ्यांच्या मक्याला तेव्हा कुठे तुरे फुटत होते. सासूबाईंनी एक कणीस सोलून दाखवलं. दाणे लालसर, एकसारखे, एकही भलता नाही. जे हसले होते त्यांच्या घरापर्यंत त्या ते कणीस घेऊन फिरून आल्या.

पाऊस ओसरता ओसरता एका सकाळी मला एका रोपाच्या टोकाशी बोटाच्या पेराएवढा पांढरट कोंब दिसला. मी तिथेच उकिडवी बसले. शेजारच्या रोपालाही होता. मी खाली हाक मारली, नक्की काय ओरडले ते आठवत नाही, पण भाऊजी दाढीचा साबण तसाच ठेवून धावत वर आले.

आणि मग उतारसाहेब आले.

ते कुणाशी न बोलता वर चढले. मागे आम्ही सगळे. सासूबाईंना उतार चढताना धाप लागते, तरी काठी घेऊन त्याही. साहेबांची एक रीत आहे. ते झाडाकडे नुसतं बघत नाहीत. रोपाचं खोड दोन बोटांत धरतात आणि हलकेच वर ओढतात. धरलं असेल तर हलत नाही, नसेल तर हातात येतं.

पहिलं ओढलं, हललं नाही. दुसरं, नाही. एक हातात आलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं. पुढची ओळ बरी निघाली. मग आणखी दोन हातात आली, आणि साहेबांनी मान हलवली. मला त्या मानेचा अर्थ लागेना.

"ही कडेची ओळ वेगळी का?" त्यांनी विचारलं.

मी मनात म्हटलं, झालं, आता ही सगळीच्या सगळी हातात येणार.

त्यांनी पहिलं रोप धरलं. खुजं, अर्ध्या सुया गळलेलं. ओढलं. आलं नाही. पुढचं ओढलं. तेही नाही. तिसरं त्यांनी जरा जोरानं ओढलं.

"ओ साहेब!" सासूबाई मागून कडाडल्या. "धरलंय म्हटल्यावर किती ओढायचं त्याला?"

साहेबांनी हात काढला. पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं. "ठीक आहे, आजी. उतार धरलाय. मेलेल्या जागी पुढच्या वर्षी नवी लावा. आणखी पाच-सहा वर्षं गवत काढायचं नाही, त्यानंतर झाडं बघतील. मागची भिंत बांधून घ्या आणि खोली वापरा."

मी त्यांना दोन्ही हात जोडले. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. भाऊजी साहेबांना चहाचा आग्रह करत खाली निघाले. मी डोळे पुसून बघते तर सासूबाई जागेवर नाहीत. काठी टेकत त्या अर्धा उतार उतरल्यासुद्धा होत्या.

मी धावत खाली आले. त्या पुढच्या खोलीत होत्या. गादी गुंडाळून झाली होती आणि पाइनच्या त्या जुन्या खाटेचं एक टोक त्यांनी उचलून धरलं होतं.

"आई, भिंत तरी बांधू द्या आधी!"

"भिंत बांधतील तेव्हा बांधतील. चपलांशेजारी मी आता एक रात्र झोपणार नाही," त्या म्हणाल्या. "बघत काय उभी राहिलीस, वखारीण? धर ते दुसरं टोक."